वाचकांचे प्रश्न : कोरडं तोंड, चिनी सुया आणि आबांची भाकरी

(या सदरातल्या प्रश्नांना सांगलीत गेली २७ वर्षं दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्य ताई उत्तरं देतात. पत्रलेखकांची नावं छापली जात नाहीत.)

प्रश्न : डॉक्टर ताई, सप्रेम नमस्कार. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, वय ६३. गेल्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन लागलं नाही, पण ३५ लाईट घ्याव्या लागल्या आणि सोबत दर आठवड्याला सलाईनमधून औषध. शेवटची लाईट होऊन आठ महिने झाले. आता गाठ नाही म्हणतात. पण तोंडात लाळच येत नाही. भाकरीचा घास गालातच फिरत राहतो. रात्री सहा-सात वेळा पाण्याला उठतात. बागेत जाताना खिशात मूठभर बेदाणे असतात, एकेक तोंडात धरून ठेवतात, तेवढंच बरं वाटतं म्हणतात. एका डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "जीव वाचला, आता एवढं चालायचंच." पुण्याच्या भाच्याने नेटवरून चिनी औषधाची पावडर मागवून दिली आहे, महिन्याला ४,८०० रुपये, पाकिटावर सगळं चिनी अक्षरात. दुसरे एक पाहुणे म्हणतात, चिनी सुया टोचून घ्या, लाळ सुटते. आबा म्हणतात, "माझ्यावर आता आणखी प्रयोग नकोत." पावडर सुरू करू का? का सुयांकडे नेऊ?
— एक सून, तासगाव तालुका

उत्तर : पावडर सुरू करू नका. पाकीट फोडलं असलं तरी फेकूही नका, जपून ठेवा, त्याचं कारण पुढे येईल. सुयांचा, म्हणजे ॲक्युपंक्चरचा, मार्ग विचार करण्यासारखा आहे. पण या दोन्हींच्या आधी एक काम आजच करा. आबांच्या खिशातले बेदाणे काढून घ्या.

"एवढं चालायचंच" हे वाक्य मी माझ्या खुर्चीत बसलेल्या कितीतरी माणसांकडून ऐकलं आहे. ते म्हणणाऱ्याने एक दिवस तोंडात कापसाचे बोळे धरून जेवून बघावं. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण लिटरभर लाळ तयार होते, आणि ती गेल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. घास ओला करणं, चव जिभेपर्यंत पोचवणं, दातांना आम्लापासून सांभाळणं, बोलताना जीभ टाळूला चिकटू न देणं, हे सगळं तिचं काम. लाळ आटलेला माणूस पंगतीत बसायचं टाळतो, फोनवर बोलायचं टाळतो, हळूहळू घरातच गप्प होतो. आबांची तक्रार खरी आहे आणि तिच्यावर उपाय करायला हवेत, हे आधी त्यांना सांगा.

हे का होतं? लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. पातळ, पाण्यासारखी लाळ मुख्यतः कानापुढच्या ग्रंथीतून येते, आणि शेकाला (तुम्ही ज्याला लाईट म्हणता त्या किरणांना) सगळ्यात हळवी तीच. घशाच्या गाठीला ६०-७० ग्रे (ग्रे हे किरणांचं माप) इतका शेक द्यावा लागतो. कानापुढच्या ग्रंथीला सरासरी २६ ग्रेच्या वर पोचला की ती पूर्वीसारखी होणं अवघड. पाणी करणाऱ्या पेशी मरतात, चिकट स्राव करणाऱ्या थोड्या तग धरतात. म्हणून आबांच्या तोंडात जे काही येत असेल ते डिंकासारखं, तार सुटणारं असेल. मात्र आठ महिने म्हणजे शेवट नव्हे. वर्ष-दोन वर्षांपर्यंत थोडी थोडी सुधारणा होत राहिलेली मी पाहिली आहे.

आता सुया. इथे मला माझ्या आक्काबद्दल सांगावं लागेल, कारण या विषयात मी पडले ती तिच्यामुळे.

आक्का माझी थोरली बहीण, कोरेगाव तालुक्यात दिलेली. चाळीस वर्षं मिश्री लावायची. २०१६ साली जिभेच्या कडेला व्रण निघाला, ऑपरेशन झालं, वर ३० लाईट. त्यानंतर ती माझ्याकडे विश्रामबागला राहायला आली. रात्री तिच्या खोलीतला तांब्या-भांड्याचा आवाज मला माझ्या खोलीत ऐकू यायचा. लाळ सुटावी म्हणून गोळ्या दिल्या तर घाम सुटून ती बेजार झाली. तेव्हा गावभागात एक एम.बी.बी.एस. डॉक्टर सुयांचे उपचारही करत असत, त्यांनी विचारलं, "बघायचं का?" मला फारसा विश्वास नव्हता. पण दातांच्या डॉक्टरला मोजायची सवय असते, म्हणून मी आधी मोजून घेतलं.

मोजणं सोपं आहे, तुम्हीही घरी करू शकता. सकाळी काही खाण्यापिण्याआधी माणसाने खुर्चीत बसून मान खाली घालायची, पाच मिनिटं काही गिळायचं नाही आणि तोंडात येईल ते औषधाच्या बाटलीच्या झाकणात सोडायचं. मग सुई काढलेल्या सिरिंजने ओढून रेघ बघायची. मिनिटाला ०.१ मिलीपेक्षा कमी, म्हणजे पाच मिनिटांत अर्ध्या मिलीच्याही आत असेल तर लाळ फारच कमी समजायची. आक्काची भरली ०.३ मिली. शिवाय तिच्या उशाशी मी दोन वाट्या ठेवल्या, एकीत हरभरे. रात्री पाण्याला उठलं की एक हरभरा इकडचा तिकडे टाकायचा. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी दुसऱ्या वाटीत सात, कधी आठ हरभरे असायचे.

आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे आम्ही गेलो. केसाएवढ्या बारीक सुया, प्रत्येक वेळी नवं पाकीट माझ्यासमोर फोडलेलं. दोन्ही कानांवर तीन-तीन, खालच्या ओठाखाली हनुवटीच्या खळगीत एक, तर्जनीच्या मुळाशी एक, घोट्याच्या आतल्या बाजूला एक. वीस मिनिटं पडून राहायचं. टोचताना आक्का म्हणायची, "मुंगी चावल्यागत होतंय, दुसरं काय नाही." तिसऱ्या आठवड्यापासून हरभरे कमी व्हायला लागले. सहाव्या आठवड्यात वाटीत दोन असायचे, एखाद्या सकाळी एकच. आमटीत कुस्करलेली शाळूची भाकरी पाण्याचा घोट न घेता तिच्या घशाखाली उतरली, त्या दिवशी ती जेवता जेवता थांबली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली.

आणि लाळ? आठ आठवड्यांनी पुन्हा मोजली तर ०.४ मिली. सिरिंजवर एका रेघेचा फरक. एवढा फरक तर एका सकाळी आणि दुसऱ्या सकाळीही पडतो.

माप हललं नव्हतं, पण आक्का झोपत होती. याचा अर्थ मला बरेच दिवस लागला नाही. मग शोधून वाचायला लागले तेव्हा कळलं की इंग्लंडातल्या डॉक्टरांनी १४५ रुग्णांवर नेमका असाच अभ्यास करून तो २०१३ साली प्रसिद्ध केला होता. शेक होऊन बराच काळ लोटलेले, कोरड्या तोंडाने जेरीला आलेले रुग्ण. काही आठवडे त्यांना गटाने बसवून सुया दिल्या, आणि तेच रुग्ण दुसऱ्या टप्प्यात तोंडाची निगा शिकले. सुयांच्या काळात कोरडेपणा, चिकटपणा, घासाला पाणी लागणं आणि रात्री पाण्याला उठणं, या सगळ्या तक्रारी कमी झाल्या. मोजलेली लाळ मात्र वाढली नाही. वाचताना मला आक्काच्या दोन वाट्या दिसत होत्या.

त्यानंतर मोठे अभ्यास झाले. अमेरिकेतलं ह्यूस्टन आणि चीनमधलं शांघाय इथल्या दोन कॅन्सर केंद्रांनी मिळून ३९९ रुग्णांचे तीन गट केले: खऱ्या सुया, खोट्या (म्हणजे चुकीच्या जागी किंवा आत न जाणाऱ्या) सुया, आणि नेहमीची निगा. इथे सुया शेक चालू असतानाच दिल्या होत्या. एक वर्षाने ज्यांना कोरडेपणाचा खरोखर त्रास उरला असे खऱ्या सुयांच्या गटात शंभरात सुमारे ३५, खोट्या सुयांच्या ४८ आणि नुसत्या निगेच्या गटात ५५ होते. हा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यातली गंमतीची नव्हे, विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की शांघायच्या रुग्णांना खोट्या सुयांचा उपयोग झाला नाही, ह्यूस्टनच्या रुग्णांना मात्र खोट्या सुयांनीही बराच आराम पडला. २०२४ मध्ये अमेरिकेतच २५८ जुन्या रुग्णांवर, म्हणजे आबांसारख्यांवर, अभ्यास झाला. त्यातही खऱ्या सुया नुसत्या निगेपेक्षा सरस ठरल्या, पण खोट्या सुयांपेक्षा कोरडेपणात स्पष्ट फरक दिसला नाही.

म्हणजे काय समजायचं? माझं मत सांगते. सुई मेलेली पेशी जिवंत करत नाही. जी थोडी लाळ उरली आहे तिचा मेंदूला आणि तोंडाला उपयोग करून देण्यात, झोप परत आणण्यात, कोणीतरी आपल्याकडे आठवड्यातून दोनदा अर्धा तास लक्ष देतं या भावनेत, सगळ्यातच तिचा वाटा असावा. यातला किती वाटा सुईचा आणि किती मायेचा, हे मला आक्काच्या बाबतीत वेगळं काढता येणार नाही. पण कॅन्सरच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२१ साली कोरड्या तोंडासाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही सुयांचा पर्याय देता येईल असं म्हटलेलं आहे. तेव्हा आबांना सांगा, हा प्रयोग त्यांच्या आधी शेकडो माणसांवर नोंद ठेवून झालेला आहे. अपाय फार थोडा: कुठे काळंनिळं पडतं, कुठे थेंबभर रक्त येतं.

नेण्याआधी चार गोष्टी बघा. आबांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगून जा आणि ताजा रक्ततपास सोबत न्या, कारण प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी असतील तर थांबायला हवं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा. हृदयात पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू द्यायची नाही. शेक घेतलेल्या मानेच्या कातडीत, सूज असलेल्या भागात सुई नको. कान, हात, पाय पुरतात. आपल्या महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. आणि जो माणूस "कॅन्सरच मुळापासून घालवतो" म्हणेल त्याच्या दारातून परत फिरा. आठ आठवड्यांत हरभरे कमी झाले नाहीत तर थांबा, पैसे वाचवा.

या सुया भारतात रुजण्यात आपल्या मातीचाही दूरचा धागा आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ते तिकडेच १९४२ मध्ये वारले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती इकडे आणली. आक्काला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपलीच की!" तेवढ्याने तिची धास्ती गेली.

आता तुमच्या पावडरीकडे येते. चिनी वैद्यकाला मी नावं ठेवत नाही. त्यांचा विचार आपल्या माणसाला चटकन समजेल असा आहे. शेक म्हणजे उष्णतेचं विष, त्याने अंगातला ओलावा, म्हणजे त्यांच्या भाषेत 'यिन', जळतो, तर तो ओलावा भरून काढायचा. हान राजवटीतले वैद्य चांग चुंगचिंग यांचा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा एक काढा आजही कोरड्या घशासाठी देतात. त्यात माय-मेन-तुंग नावाचं मूळ मुख्य, आणि सोबत चक्क तांदूळ, बोरं आणि ज्येष्ठमध. अठराव्या शतकातल्या वू जूथोंग यांचा तीन मुळ्यांचा दुसरा काढा तर मुळात तापानंतरच्या बद्धकोष्ठासाठी होता. त्यामागचा त्यांचा दृष्टांत मला फार आवडतो: नाव गाळात रुतली तर ओढू नका, पाणी वाढवा, नाव आपोआप चालेल. कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं समजावून द्यायला नको. चिनी काढ्यांत वापरतात त्या 'शी-हू' या आमरीच्या भावकीतल्या आमऱ्या आपल्या सातारा जिल्ह्यात घाटमाथ्यावरच्या झाडांवरही उगवतात. (म्हणून कोणी त्या ओरबाडायला जाऊ नका, जात वेगळी, गुण वेगळा.)

पण विचार सुंदर असणं आणि पाकिटातली पावडर सुरक्षित असणं या दोन गोष्टी वेगळ्या. कोरड्या तोंडासाठी काढ्यांवर चीनमध्ये पुष्कळ अभ्यास झाले आहेत, तरी बहुतेक लहान, प्रत्येकात काढ्याचा पाठ, म्हणजे कृती, निराळा, आणि रुग्णाला व डॉक्टरला कोणता गट ते आधीच ठाऊक. त्यावरून डोस ठरवता येत नाही. खरा चिनी वैद्यही नाडी-जीभ बघितल्याशिवाय, माणसागणिक पाठ बदलल्याशिवाय काढा देत नाही. तासगावच्या आबांची जीभ न बघता पाठवलेली पावडर त्यांच्या शास्त्रातही बसत नाही.

दुसरं, नावाचा घोळ. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या जात. चिनी नावं जवळजवळ सारखी, म्हणून एका मुळीच्या जागी दुसरीच, ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली मुळी आली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, कित्येकींना पुढे कॅन्सरही झाले. चांग चुंगचिंग यांच्या त्याच काढ्यातला एक कंद कच्चा असेल तर विषारी असतो, तो आल्याबरोबर शुद्ध करून घ्यावा लागतो. पाकिटात तो कच्चा आहे का शुद्ध, हे तुम्हाला कोण सांगणार? आणि आबांना दर आठवड्याला सलाईनमधून मिळालेलं औषध बहुधा सिस्प्लॅटिन असणार. ते मूत्रपिंडांवर आधीच भार टाकून गेलेलं आहे. त्यांच्या मूत्रपिंडांना आणखी अनोळखी पाहुणा नको. म्हणून पाकीट जपून ठेवायचं: पुढच्या तपासणीला ते डॉक्टरांना दाखवा, आणि चार-दोन दिवस जरी घेतलं असेल तरी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा तपास) आणि यकृताचा तपास करून घ्या. भाच्यावर रागावू नका, त्याने जीव तुटून मागवलं आहे.

आता बेदाणे. हे मी शेवटी ठेवलं, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं हेच.

दवाखाना सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी कवठेमहांकाळकडचे एक गृहस्थ खालची दाढ हलते म्हणून आले. मी दाढ काढली. सहज निघाली. तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा खड्डा भरला नव्हता. दोन महिन्यांनी खड्ड्यात पिवळट हाड उघडं दिसत होतं आणि तोंडाला वास. तेव्हा कळलं, दोन वर्षांपूर्वी त्यांनी गालाला लाईट घेतलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं नाही, कारण दाताचा आणि त्याचा संबंध असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलं नाही. शेक बसलेल्या जबड्याला रक्त कमी पोचतं, जखम भरत नाही, हाड सडत जातं. त्यांचा निम्मा जबडा काढावा लागला. ती चूक माझी होती. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर नाव-वयानंतर तिसरी ओळ छापलेली आहे: "मान-तोंडाला कधी शेक घेतला का?"

म्हणून बेदाणे. लाळ नसलेल्या तोंडात साखर धुतली जात नाही. बेदाणा दाताच्या फटीत चिकटून तासन्‌तास बसतो. अशा तोंडात दात हिरडीलगत, गोल कापल्यासारखे किडतात आणि झपाट्याने मोडू लागतात. मग काढायची वेळ येते आणि कवठेमहांकाळच्या त्या गृहस्थांसारखं होतं. खडीसाखर, आवळासुपारी, चिंचगोळी, लिंबाची फोड, यांनीही तेच होतं. आंबट तर दाताची वरची झिलई थेट झिजवतं. आबांना तोंडात काही धरायचंच असेल तर झायलिटॉलची बिनसाखरेची गोळी किंवा च्युइंगगम द्या.

आणि या महिन्यात त्यांना दातांच्या डॉक्टरकडे न्या, पहिलं वाक्य "३५ लाईट झाल्या आहेत" हेच सांगा. जास्त फ्लोराइडची पेस्ट किंवा जेल लिहून घ्या, ती रोज आणि कायमची. दात काढायचा कोणी विषय काढला तर कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काढू देऊ नका. जीभ किंवा टाळू लाल होऊन आग होत असेल, पांढरे ठिपके दिसत असतील तर ती बहुधा बुरशी असते, औषधाने जाते.

घरात काय करायचं ते तुम्हाला मी शिकवायला नको, तरी आक्काच्या वेळचं सांगते. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा, दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं. जेवणात कोरडं काही नको: भाकरी ताकात किंवा आमटीत, भात मऊ आणि वर सढळ साजूक तूप, हुलग्याचं माडगं, नाचणीची आंबील. शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून. कांदा-लसूण मसाला सहा महिने बेतानेच, तोंड सोलवटतं. झोपताना तुपाचं बोट जिभेवर आणि गालाच्या आतून फिरवायचं, ओठांना पेट्रोलियम जेली. रात्री पाणी प्यायचं ते घोटभर, तांब्याभर नव्हे, नाहीतर पाण्याला एकदा आणि लघवीला दोनदा उठणं होतं. आक्काला भडंग मात्र पुन्हा कधी खाता आलं नाही. सांगलीच्या माणसाला याचं दुःख किती ते सांगलीचाच माणूस जाणे.

गोळ्याही आहेत. पायलोकार्पिन, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, डॉक्टर लिहून देतात. ग्रंथीत जीव उरला असेल तर या गोळीने लाळ सुटते, पण फरक कळायला दोन-तीन महिने लागू शकतात, घाम येतो, लघवीला जास्त जावं लागतं. दमा किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. शिवाय आबांच्या चालू गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांसमोर ठेवा. झोपेची, सर्दी-ॲलर्जीची, काही लघवी व रक्तदाबाची औषधं तोंड आणखी कोरडं पाडतात. कधी कधी एक गोळी बदलली की निम्मं काम होतं.

आबांसाठी दोन वाट्या आणि मूठभर हरभरे आजपासून ठेवा. सुयांना न्या किंवा नका नेऊ, मोजून ठेवलेलं कामाला येईल. एक महिन्याने मला कळवा.

प्रश्न : चिनी औषधात ज्येष्ठमध असतं असं वाचलं. माझंही तोंड लाईटनंतर कोरडं आहे, म्हणून दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळते. बी.पी.ची गोळी चालू आहे. चालेल ना?
— एक भगिनी, विटा

उत्तर : दिवसभर नको. चिनी काढ्यातलं ज्येष्ठमध आणि आपलं ज्येष्ठमध सख्खी भावंडं आहेत, आणि दोघांतल्या एका घटकाने अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब वाढतो. तुमची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून जाईल. पायात गोळे येतात, थकवा येतो असं होत असेल तर आधी पोटॅशियम तपासून घ्या. कांडी बंद करा. खोकल्यापुरता एखाद्या दिवशी तुकडा चघळला तर हरकत नाही.

प्रश्न : मला स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. तीन आठवड्यांनी लाईट सुरू होणार आहेत. लाळ जाऊ नये म्हणून आधीपासूनच सुया घेऊ का?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमचं पत्र मिळाल्या दिवशीच तुम्हाला फोन केला होता. त्या वेळी सांगितलं तेच इतरांसाठी इथे देते. तुमच्या रेडिओथेरपीच्या डॉक्टरांना आधी हे विचारा की शेक 'आय.एम.आर.टी.' (गाठीवर नेमका शेक देऊन आजूबाजूचा भाग वाचवणाऱ्या) पद्धतीने आहे का, आणि कानापुढची लाळग्रंथी वाचवता येईल का. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या पद्धतीने वर्षभरानंतर शंभरात ७४ जणांना कोरडेपणाचा बराच त्रास होता, ग्रंथी वाचवणाऱ्या पद्धतीत ३८ जणांना. कुठल्याही सुईपेक्षा हा फरक मोठा आहे. शेक चालू असताना सुया घ्यायच्या असतील तर घेता येतील, त्याचाच अभ्यास ह्यूस्टन-शांघायला झाला. पण त्या तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांच्या संमतीने, आठवड्यातून तीनदा जायची ताकद असेल तर. नेटवरची पावडर नको.

आणि दात. खराब दात काढायचे असतील तर पहिल्या लाईटआधी दोन आठवडे तरी जखम भरायला मिळायला हवेत. तुमच्याकडे तीनच आठवडे आहेत. कराडातच एखाद्या दंतवैद्यांना दाखवा, पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून घ्या. उद्या सकाळीच जा.